मानाची लाथ

१२ ऑगस्ट २००१

दस्तगीरचाचांनी आज मला सगळ्यांसमोर सुनावलं. म्हणाले, "सोपानराव, रोज नवा माणूस घेऊन बसता. अशानं एकाशीबी संसार धड व्हायचा न्हाई." पोरं फिदीफिदी हसली. राग आला, पण मुद्दा बरोबर होता म्हणून गप्प बसलो.

चाचांचं व्हिडिओ गेमचं दुकान नारायणगावच्या एसटी स्टँडामागं आहे. तीन मशिनी. एक गाड्यांची, एक विमानांची, त्या दोघींना कुत्रं विचारत नाही. तिसरी मारामारीची. सगळी गर्दी तिच्यावर. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर, प्रत्येकाला एक दांडी आणि सहा बटणं, तीन ठोशांची, तीन लाथांची. रुपया टाकायचा, यादीतून माणूस निवडायचा आणि समोरच्याला लोळवायचं. हरला तो उठतो, जिंकला तो बसून राहतो. माणसांची नावं इंग्रजीत आहेत, ती कोणी घेत नाही. आमची नावं पैलवान, जळका, भोपळ्या, सरदार. काठीवाली एक म्हातारी आहे, तिला लंकाबाई म्हणतात. स्टँडावर शेंगा विकणाऱ्या खऱ्या लंकाबाईंना हे अजून कळलेलं नाही, कळलं तर काठी पडद्याबाहेर येईल.

दुकानात ज्याला त्याला विचारतात, तुझा माणूस कोण? माझा कोणीच नाही. बी.कॉम.ला का गेलो तर गावातल्या भागूअण्णाचा पोरगा गेला म्हणून, त्यातलाच प्रकार. तेव्हा आता बसून, डोकं शांत ठेवून, एक निवडायचा.

२० ऑगस्ट

दादांबरोबर बेल्ह्याच्या बाजाराला गेलो. दादा म्हणजे आमचे वडील, रखमाजी. आमच्या येडगावात कोणाला बैल घ्यायचा असला की दादांना घेऊन जातात. आजही शेजाऱ्यासाठी गेलो होतो. दाव्याला एक खोंड उभा होता, देखणा, कातडी अशी की माशी घसरावी. शेजारी खिशात हात घालायला लागला. दादा म्हणाले, थांब, जरा त्या ओढ्याच्या वगळीपलीकडं चालवून आण. खोंड वगळीपर्यंत गेला आणि बसला. शेपटी पिरगाळली तरी उठेना.

परत येताना दादा म्हणाले, "दावणीला समदेच वाघ असत्यात. बैल परक्या वावरात घालून बघावा." मी हो म्हटलं. मनात सरदाराचा विचार चालला होता, त्यामुळं पुढचं नीट ऐकलं नाही.

२ सप्टेंबर

ठरलं. सरदार.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मन फिरलं तर वाचता येतील. सरदार उंच आहे, मिशा आहेत, कमरेला लाल पट्टा आहे. ठोसे बेताचे. चालतो जड, भरल्या पोटाच्या माणसासारखा. पण त्याची मोठी लाथ, सहाव्या बटणाची, ती लागली की समोरचा पडद्याच्या कडेला आपटतो आणि उठतोय तोवर दुसरी बसते.

मग सरदार कोणी का घेत नाही? तर आमच्या मशीनची एक रीत आहे. डावीकडं बसतो तो राजा आणि मोठी लाथ फक्त राजाला. उजवीकडून तेच बटण दाबलं तर काही होत नाही. नवं पोरगं कुरकुर करतं तेव्हा चाचा गंभीर तोंडानं सांगतात, "तो जिंकणाऱ्याचा मान हाय. जिंकून डावीकडं या, घ्या मान." मला हे पहिल्या दिवसापासून पटलेलं आहे. पोळ्याला मानाचा बैल आधी वेशीतून जातो, त्यावर कोणी भांडतं का? मशीन बाहेरची असली तरी बनवणाऱ्याला चालरीत कळत असणार. एकट्यानं खेळताना उजवीकडून मशीन स्वतः लढते आणि तिचा सरदार लाथ मारतो खरा, पण ती मालकीण आहे, तिला कसला मान. शिवाय तिचा पाय इतका सावकाश उठतो की शेंबडं पोरही चुकवील.

तर उजवीकडून सरदार म्हणजे ओझं. म्हणून लोक भितात. माझा विचार वेगळा. मशीन रिकामी असेल तर पहिला येणारा डावीकडं बसतो. कॉलेज दुपारचं, माझ्याकडं सायकल आहे आणि चाचा शटर सकाळी उघडतात. रोज पहिला मी. एकदा डावीकडं बसलो की उठवणारा कोण?

हमदानला सांगितलं. हमदान चाचांचा पोरगा, माझ्याच वयाचा, दुकान तोच बघतो. तो म्हणाला, सोप्या, त्या लाथेशिवाय तुझा सरदार काय करतो तेबी बघ की. मी म्हटलं, तू तुझी म्हातारी सांभाळ.

२३ सप्टेंबर

हमदानचं मला नवल वाटतं. सगळ्या माणसांतून त्यानं लंकाबाई धरली आहे. तिच्याकडं एकही मोठा मार नाही. काठीनं पायावर टोचते, मागं सरते, परत टोचते. बघणाऱ्याला जांभई येते.

आणि बसतो कायम उजवीकडं. सकाळी शटर तोच उघडतो, म्हणजे डावी जागा त्याला फुकटात मिळावी, पण नाही. मी येईपर्यंत फडकं मारत राहतो आणि मी बसलो की उजवीकडं टेकतो. मधूनमधून टोचून टोचून मला हरवतोही. तेव्हा तर रीतीप्रमाणं त्यानं डावीकडं यायला पाहिजे. तो उठून म्हणतो, बस, तुझीच जागा हाय. मी बसतो. हातात आलेला मान सोडणारा माणूस मला कळत नाही.

१४ ऑक्टोबर

जुन्नरहून पोरं आली होती, खास माझ्याशी खेळायला. एकेकाला लोळवलं. एकानं निघताना पायरीवर थांबून हमदानला विचारलं, हा कोण? हमदान म्हणाला, आमचा राजा. चेष्टा नव्हती त्याच्या आवाजात, मी नीट ऐकलं.

घरी टोमॅटोचे क्रेट भरताना अंग मोडून आलं, पण चित्त ठिकाणावर होतं. आपला माणूस सापडला की असं होतं.

११ नोव्हेंबर

पुण्याचा मशीनवाला आला होता. मशिनी त्याच्या, जागा चाचांची, गल्ला वाटून घेतात. तो म्हणाला की आता लोक घरी टीव्हीलाच गेम जोडतात, या रस्त्यावर मारामारीची मशीन एकाच ठिकाणी ठेवणार. एक तर नारायणगावात, नाहीतर मंचरला सावळेरामशेठच्या दुकानात. तुम्हीच आपसात ठरवा.

सावळेरामशेठ त्यांच्या गावच्या यात्रेत आखाड्याचे पंच असतात. त्यांना दुसरं काय सुचणार? त्यांनी निरोप धाडला, मशीनवरच कुस्ती लावू. तुमचा एक गडी, आमचा एक. जिंकेल त्याची मशीन. चाचांनी कबूल केलं.

मशीन गेली तर दुकान बंद. गाड्या-विमानांवर शटरचं तेलही सुटत नाही. मग हमदान कुर्ल्याला मामाच्या टायरच्या दुकानात जाणार, तसं घरात बोलणंही झालंय. हे त्यानंच सांगितलं, काचेवर फडकं मारता मारता. मी म्हटलं, मुंबई काय वाईट आहे? तो म्हणाला, वाईट न्हाई.

मी या सगळ्याकडं लांबून बघतोय. मशीन राहिली तर चांगलंच.

२८ नोव्हेंबर

रमजान चालू आहे. हमदानचा रोजा, तरी उजवीकडं बसून खेळतो, तोंड सुकलेलं असतं.

मंचरला कोण जाणार यावर आज बोलणं झालं. फार बोलणं नव्हतंच. पोरं म्हणाली सोपान. चाचा म्हणाले, घरचं पोर पाठवायचा प्रश्नच न्हाई, लोक नावं ठेवतील, आणि सोपान त्याला रोज लोळवतोय. हमदान म्हणाला, सोपानच जाईल. फक्त त्याआधी एकदा मंचरला जाऊन त्यांच्या मशीनवर खेळून येऊ, मी येतो बरोबर, दुपारी जाऊन संध्याकाळच्या आत परत.

मी नाही म्हटलं. राजानं दुसऱ्याच्या दारात आधी जायचं म्हणजे त्याला मान देणं झालं. तो पुढं काही बोलणार होता, तेवढ्यात चाचांनी हाक मारली.

१७ डिसेंबर

ईद. चाचांकडं जेवायला. हमदानच्या आई जन्नतबी, त्यांनी शीरखुर्म्याचा वाडगा हातात दिला, चांगला नक्षीचा. हमदानच्या हातात कान तुटलेला कप. मी म्हटलं, काकू, ह्याला असला का? त्या म्हणाल्या, घरच्याला काय, कशातबी चालतंय.

मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "जिंकून ये रे बाबा. हा गेला तर घर खायला उठंल." मी म्हटलं, काळजी करू नका, डावी बाजू मिळाली की झालं. हमदाननं कप खाली ठेवला आणि चाचांकडं बघितलं. चाचा माझ्या वाडग्यात आणखी वाढायला लागले.

बाहेर सोडायला आला तेव्हा हमदान म्हणाला, "सोप्या, बाजूचं डोक्यातून काढ. कुठल्याबी बाजूनं खेळायची तयारी ठेव." मला वाटलं, पोटात दुखतंय ह्याच्या. वर्षानुवर्षं उजवीकडं बसलेल्या माणसाला डावीचं महत्त्व खुपणारच. आज सणाला असं लिहू नये, पण वाटलं ते लिहितो.

६ जानेवारी २००२

पुढच्या रविवारी मंचर. सावळेरामशेठनी कळवलंय, बाजूसाठी नाणं उडवायचं. सगळं त्या नाण्यावर आलं. छापा मागावा की काटा? दादांना विचारलं. ते गोठ्यात शेण भरत होते. म्हणाले, कशासाठी? मी सगळं सांगितलं, मशीनचं, मानाचं. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि विचारलं, तिथं खेळून बघितलंस का? नाही म्हटलं. त्यांनी पाटी उचलली.

१३ जानेवारी

हरलो.

क्रमानं लिहितो. मंचरला दुकान मोठं, गर्दी म्हणजे मुंगीला वाट नाही. त्यांचा गडी गोरख, ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला, हाताला ग्रीस. नाणं उडवलं, छापा पडला, माझा. मी डावी मागितली. गोरख म्हणाला, "घ्या की पावणं, कुठलीबी घ्या." मला आतून हसू आलं. मी चाचांकडं बघितलं, त्यांनीही मान डोलवली. हमदान माझ्या मागं उभा होता, त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर.

मी सरदार घेतला. गोरखनंही सरदार घेतला, निळ्या पट्ट्याचा. उजवीकडं आणि सरदार! मी मनात म्हटलं, संपलं ह्याचं.

मी पुढं सरकलो आणि त्यानं लाथ मारली. मोठी लाथ. उजवीकडून. माझा सरदार कडेला जाऊन आपटला, उठला, परत खाल्ली. मला वाटलं मशीन बिघडली. मी उभा राहून सावळेरामशेठना म्हणालो, थांबवा, उजवीकडून ही लाथ बसतीच कशी? सगळे माझ्याकडं बघायला लागले. गोरखनं अगदी सरळ मनानं उत्तर दिलं.

"पावणं, बटण हाय. दाबलं की बसती."

दुकान हसलं. चाचा हसले नाहीत, हमदानही नाही.

दुसऱ्या डावाला माणूस बदलायची मुभा होती. मी बदलला नाही, दुसरा होताच कोण? हमदान कानाशी सांगत होता, खाली बस, दांडी मागं धर, मग आडव. मला त्यातलं काही येत नव्हतं. आपलाच माणूस समोरून चालत येतो तेव्हा कसा दिसतो, हे मी आज पहिल्यांदा बघितलं. लई भीती वाटली.

परतीच्या एसटीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो.

१४ जानेवारी

संक्रांत. बाहेर गेलो नाही.

१५ जानेवारी

दुकानात गेलो. डावीकडं बसायला पाय होईना, स्टुलावर बसलो. हमदाननं मशीनचं मागचं फळकूट काढलं आणि मला बोलावलं. आत वायरींचा गुंता. उजवीकडच्या सहाव्या बटणाखाली एक वायर तुटून लोंबत होती, टोक काळं पडलेलं.

हमदान म्हणाला, दोन वर्षांमागं मशीन आली तेव्हापासून अशीच आहे. पुण्याचा माणूस बदलून देतो म्हणाला आणि विसरला. एका पोरानं विचारलं तेव्हा चाचांनी सहज थाप मारली, जिंकणाऱ्याचा मान. दुसऱ्या दिवशी डाव्या जागेसाठी रांग लागली. मग चाचांनी बटण तसंच ठेवलं आणि हमदानला बजावलं, दुकानातली गोष्ट दुकानाबाहेर काढायची न्हाई.

चाचा गल्ल्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "वायर जोडायला किती वेळ लागतो? पर सांगून सांगून मलाबी तो मानच वाटायला लागला व्हता. परवा तुला डावी मिळाली तवा मी खुश झालो बघ." मग त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

मी हमदानला विचारलं, तुला माहीत होतं तर दोन वर्षं उजवीकडं का बसलास?

तो म्हणाला, "फुटका कप घरच्यानं घ्यायचा आसतो. चांगला पावण्याला."

मोडक्या बाजूनं खेळता येईल अशी म्हणून त्यानं लंकाबाई धरली होती, आणि मी तिला जांभई म्हणत होतो. पाच बटणांवर तो मला मधूनमधून हरवायचा आणि उठून मला जागा द्यायचा. शेवटी मी म्हटलं, म्हणजे मला खेळताच येत नव्हतं.

"येत व्हतं की. तुला लाथ मारता येत व्हती सोप्या. खाता येत नव्हती. तुला कदी कुणी मारलीच न्हाई."

तो हे अगदी मायेनं म्हणाला. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

१९ जानेवारी

उद्या मशीन न्यायला टेंपो येणार. हमदान शुक्रवारी कुर्ल्याला. लंकाबाईंना कोणीतरी म्हातारीचं सांगितलं, त्या दुकानात येऊन पडद्यावर स्वतःला बघून गेल्या. म्हणाल्या, काठी बरी धरलीय, पर लुगडं कुटं हाय हिचं? जाताना हमदानच्या खिशात मूठभर शेंगा घातल्या.

मी लांबून बघतोय असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. मला त्याचं जाणं सोसवत नाही.

२० जानेवारी

सकाळी शटर उघडायच्या आधी पोहोचलो. पक्कड आणि दोन तारा घेऊन गेलो होतो, हमदाननं बघितलं आणि काही न विचारता फळकूट काढलं. वायर जोडायला खरंच वेळ लागला नाही.

मी म्हटलं, तू डावीकडं बस. तो नको नको म्हणत होता, मी खांदे धरून बसवला. सरदार घे म्हटलं. मी उजवीकडं बसलो आणि लंकाबाई घेतली. उजवीकडून पडदा वेगळाच दिसतो, दारातलं ऊन सरळ डोळ्यांत येतं. हे ऊन तो रोज खात होता.

"मार," मी म्हटलं.

"आता शिकून काय करणार? मशीन तर चालली."

"तरी मार."

त्यानं मारली. कडेला आपटलो. उठलो, परत आपटलो. तो सांगत होता, पाय बघू नको, खांदा बघ, खांदा आधी हलतो. खाली बस. लवकर बसलास. आता उशिरा बसलास. टेंपो दाराशी येऊन लागला. चाचांनी ड्रायव्हरला चहा पाजला, मग म्हणाले थंडी लई हाय, अजून एक घ्या.

मग एक आडवली. लंकाबाई जागची हलली नाही, काठी आडवी धरून तशीच उभी. मी दांडी सोडली नाही. पुढचीही आडवली. त्याच्यापुढची चुकली, त्याच्यानंतरची आडवली.

हमदाननं बटणावरचा हात काढून मांडीला पुसला.

"आता कुठंबी बस," तो म्हणाला.

मग चाचांनी भिंतीतून मशीनची पिन काढली.